तिकिटावरचा राजा आणि पाकिटातला माणूस

इतिहासाची साधने कोणती, असे विचारले म्हणजे आपण शिलालेख, ताम्रपट, सनदा, बखरी आणि नाणी यांची नावे घेतो. या मानकऱ्यांच्या पंक्तीला टपालाच्या तिकिटाला सहसा कोणी बसवीत नाही. शाळकरी पोरांनी ते वहीत चिकटवावे, सुट्टीत त्याची अदलाबदल करावी आणि पुढे नोकरी-संसार पाठीमागे लागला की वही माळ्यावर टाकून द्यावी, अशी त्याची आपल्याकडची गत. आमचे मत निराळे आहे. बोटाच्या पेराएवढ्या त्या कागदावर तीन गोष्टी छापलेल्या असतात : राज्य कोणाचे, नाणे कोणाचे आणि भाषा कोणाची. या तीन गोष्टी ज्याला वाचता आल्या त्याला त्या मुलखाचा निम्मा इतिहास कळला, असे खुशाल समजावे. उरलेला निम्मा इतिहास मात्र तिकिटावर नसतो. तो कोठे असतो आणि आपण त्याचे काय करतो, हे सांगणे हा या लेखाचा खरा हेतू आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. जिनिंग-प्रेसिंगचे कामगार, हमाल, मापाडी यांच्यात आमचे आयुष्य गेले. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही वाचले ते सभा आटोपल्यावर, एस. टी.च्या प्रवासात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करू नये. मजुरी, मालक आणि माल या तीन खुंट्यांवर जग टांगून पाहण्याची आमची सवय आहे. तीच सवय आम्ही तिकिटांनाही लावली, इतकेच.

प्रथम जरा दूर जाऊ. प्रशांत महासागरातली बेटे नकाशावर मोहरीच्या दाण्यासारखी दिसतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दाण्यांवर युरोपातली राज्ये चिमण्यांसारखी तुटून पडली. इंग्रज, फ्रेंच, जर्मन, पुढे अमेरिकन आणि जपानीही. राज्य बदलले की तिकीट बदलणे आले. पण नवी तिकिटे छापून हजारो मैलांवर जहाजाने पोहोचायला महिने लागत. राज्यकर्त्याला मात्र धीर नसतो. मग तो जुन्याच राजाची तिकिटे घेई आणि त्यांवर काळ्या शाईने आपल्या नावाचा छाप मारी. संग्राहक याला ओव्हरप्रिंट म्हणतात. आपण वरछाप म्हणू. इतिहासाच्या दृष्टीने वरछाप ही मोठी बोलकी वस्तू आहे. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर जुने नाव कंसात टाकून नवे नाव चढवावे, तसा हा प्रकार. खालचा मालक दिसतो, वरचा मालकही दिसतो. कसणारा मात्र कोठेच दिसत नाही.

सामोआचे उदाहरण घ्या. १९०० साली पश्चिम सामोआ जर्मनीच्या ताब्यात गेला. जर्मनांनी आपल्या साऱ्या वसाहतींसाठी एकच चित्र ठरवले होते : कैसरची हौसेची बोट ‘होहेनझोलर्न’. सामोआ असो, न्यू गिनी असो की मार्शल बेटे असोत. बोट तीच, फक्त बेटाचे नाव निराळे. ज्या बेटांवर कैसर जन्मात कधी उतरला नाही, त्या बेटांवरच्या प्रत्येक पत्रावर त्याची बोट डुलत होती. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि २९ ऑगस्टला न्यूझीलंडच्या फौजा आपिया बंदरात उतरल्या. एक गोळीही झाडावी लागली नाही. पोस्टातल्या साठ्यावर ‘जी. आर. आय.’ अशी तीन अक्षरे उमटली. जॉर्ज राजा आणि बादशहा, असा त्या लॅटिन अक्षरांचा अर्थ. मार्क आणि फेनिगच्या जागी शिलिंग आणि पेन्स आले. जर्मन बादशहाच्या बोटीवर इंग्रज बादशहा बसला. न्यू गिनीतही त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या फौजांनी हेच केले. अशी तिकिटे थोडी छापली गेली, म्हणून आज त्यांना भारी किंमत आहे. आणि किंमत आहे म्हणून बनावट वरछापांचाही धंदा जोरात चालत आला आहे.

पण या तिकिटांच्या वहीत जे सापडत नाही ते ऐका. नोव्हेंबर १९१८ मध्ये ‘तालुने’ नावाचे जहाज न्यूझीलंडहून आपियाला आले. त्यावर इन्फ्लुएन्झाचे रोगी होते. बंदरबंदी न करता त्याला लागू दिले आणि काही आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार माणसे मेली. पाच माणसांमागे एकाहून अधिक. पुढे सामोआच्या लोकांनी ‘माउ’ या नावाने नि:शस्त्र चळवळ उभारली. २८ डिसेंबर १९२९ रोजी त्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांचा पुढारी तुपुआ तामासेसे लेआलोफी पडला. १ जानेवारी १९६२ रोजी तो देश स्वतंत्र झाला. वहीत मात्र बोटीच्या चित्रानंतर राजाचे चित्र येते आणि पान उलटते.

नाऊरू हे बेट तर त्याहून लहान. आपल्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढे. पण त्याच्या पोटात फॉस्फेट होते. पिकाला घालायचे खत ज्या दगडातून तयार होते तो हा दगड. जर्मनी गेली, इंग्रज, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून बेटाचा कारभार आणि खाणीचा मक्ता आपल्याकडे घेतला. आधी ब्रिटनच्या तिकिटांवर बेटाचे नाव छापून वापरले. १९२४ साली बेटासाठी निराळी तिकिटे निघाली. त्यांवर चित्र कशाचे होते? किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाचे! आम्ही या तिकिटाला फार मोलाचे समजतो, कारण एवढा सरळपणा राज्यकर्त्यांच्या कागदांत क्वचित आढळतो. आम्ही येथे कशासाठी आलो आहोत, हे त्यांनी तिकिटावरच छापून टाकले. दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतले आणि १९४३ साली बाराशे नाऊरूवासीयांना ट्रूक बेटावर मजुरीला नेले. १९४६ साली त्यांतले ७३७ परत आले. ३१ जानेवारी १९६८ रोजी नाऊरू प्रजासत्ताक झाले, तेव्हा जुन्या तिकिटांवर पुन्हा एक वरछाप बसला. या वेळी तो त्यांचा स्वत:चा होता. पण तोवर बेटाच्या मधल्या भागातली माती जहाजांत भरून गेलेली होती.

न्यू हेब्रिडीजचा प्रकार तर हसावे की रडावे असा. १९०६ साली इंग्रज आणि फ्रेंच यांनी ठरवले की भांडत बसण्यापेक्षा या बेटांवर दोघांनी मिळून राज्य करावे. मग दोन पोलीस, दोन कायदे, दोन नाणी आणि इंग्रजी व फ्रेंच अशी दोन भाषांतली तिकिटे. तिसरी भाषा, म्हणजे जी तेथील माणसे बोलतात ती, कोणाला सुचली नाही. याच बेटांतून आणि शेजारच्या सॉलोमन बेटांतून १८६३ ते १९०४ या काळात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांवर सुमारे ६२,००० खेपा मजूर नेले गेले. कोणी फसवून, कोणी पळवून, कोणी करारावर अंगठा घेऊन. ३० जुलै १९८० रोजी हा देश वानुआतू या नावाने स्वतंत्र झाला.

आता फिजी, येथे आपला संबंध येतो. १८७० साली लेवुका गावातल्या ‘फिजी टाइम्स’ या वर्तमानपत्राने खासगी टपाल सुरू केले आणि आपली तिकिटे छापली. पुढच्याच वर्षी राजा थाकोम्बाऊच्या सरकारने स्वत:ची तिकिटे काढली. त्यांवर त्याच्या नावाची ‘सी. आर.’ ही अक्षरे होती. १० ऑक्टोबर १८७४ रोजी फिजी इंग्रजांना देऊन टाकण्यात आले आणि त्याच तिकिटांवर ‘व्ही. आर.’, म्हणजे व्हिक्टोरिया राणी, हा वरछाप बसला. चार वर्षांत तीन धनी! संग्राहक या चार वर्षांवर जीव टाकतात. आमची नजर पाचव्या वर्षापुढे जाते. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून हिंदी मजूर घेऊन फिजीला लागले. त्यानंतर १९१६ पर्यंत सुमारे साठ हजार हिंदी माणसे गिरमिटावर तेथे गेली. पाच वर्षांचा करार. नेमलेले काम पुरे केले तर पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. काम पुरे न झाले तर मजुरी कापायची आणि वर कोर्टात खेचायचे. १ जानेवारी १९२० रोजी उरलेले करार रद्द झाले. ते मायबाप सरकारच्या दयेने नव्हे. हिंदुस्थानातल्या लोकमताने आणि तिकडच्या मजुरांच्या सोसण्याने झाले. शंभर वर्षे पुरी झाली तेव्हा, १९७९ साली, फिजीने या आगमनाची तिकिटे काढली. मजुराला तिकिटावर चढायला शंभर वर्षे लागली!

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, एवढ्या लांबच्या गोष्टी बुलढाण्यात कशाला? म्हणून आता घरी येऊ.

आपला वऱ्हाड हा वरछापाचाच मुलूख आहे. फक्त तो छाप शाईने न बसता तहाने बसला. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून हा प्रांत सालीना पंचवीस लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेतला आणि पुढल्या वर्षी त्याला मध्यप्रांताला जोडले. १९३६ साली निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. शेत एकाच्या नावावर, नांगर दुसऱ्याचा, आणि खंड भरायचा खामगाव-मलकापूरच्या कापूसवाल्या कुणब्याने आपल्या शेतसाऱ्यातून. वऱ्हाडला स्वत:चे तिकीट कधीच नव्हते. आपल्या पत्रांवर राणीचे आणि पुढे तिच्या मुलानातवांचे डोके होते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, तो निजाम मात्र आपल्या टपालात कोठेच नव्हता.

तो होता सरहद्दीपलीकडे. देऊळगावराजा सोडून जालन्याच्या अंगाला चार कोस गेले की मोगलाई लागे. तेथे निजामाची स्वत:ची तिकिटे होती. १८६९ साली पहिले तिकीट निघाले आणि त्यानंतर लवकरच निघालेल्या तिकिटांवर फारसी, इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अशा चार लिप्या होत्या. देवनागरी अक्षरांतली किंमत मिरवणारे हे तिकीट मराठी माणसाने अवश्य पाहावे. पण त्या तिकिटाची सत्ता संस्थानापुरती. ते लावून पत्र औरंगाबादेहून नांदेडला जाई. मोगलाईबाहेर पाठवायचे तर इंग्रजी टपालाचे तिकीट लागे. नाणेही निराळे. तिकडे हाली शिक्का, इकडे कलदार. हालीची किंमत कमी. आता विचार करा. सिंदखेडराजाची मुलगी जालन्याकडे दिली. सोयरीक एक, बोली एक, बाजार एक, वारीची वाट एक. पण मायलेकींच्या खुशालीच्या मध्ये दोन टपाले आणि दोन नाणी. राज्याची सरहद्द नकाशावर रेघ असते. गरिबाला ती आण्या-पैशांत मोजावी लागते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि १ एप्रिल १९५० पासून निजामाची तिकिटे बंद झाली. रझाकारांच्या अमलाखालून सुटलेल्या त्या मुलखाच्या मुक्तीच्या खुणा अनेक आहेत. कोठेही जाणारे पत्र एकाच तिकिटावर जाऊ लागले ही त्यांतली लहानशी, पण घरोघर पोहोचलेली खूण.

आणि जहाजाचे चित्र? नाऊरूच्या तिकिटावर मालवाहू जहाज होते, तसे आपल्या तिकिटावर काही नव्हते, एवढाच फरक. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा साहेबाला वऱ्हाडच्या काळ्या मातीची किंमत कळली. जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा रेलफाटा १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते सुरू झाला. आठ मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय खामगावात येतो, तेव्हा तो खामगावकरांच्या प्रेमाने येत नाही. सरकीतून निघालेल्या रुईच्या गाठींच्या प्रेमाने येतो. टपालाची व्यवस्थाही या गाठींच्या मागोमाग आली. भाव कळवायला तार, सौदा पक्का करायला पत्र, पैसा फिरवायला हुंडीच्या जोडीला पोस्ट. रयतेला या सोयीचा लाभ झाला हे आम्ही नाकारीत नाही. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले, १८८० साली मनीऑर्डर आली, आणि गरिबाच्या हातात टपाल खऱ्या अर्थाने त्यानंतर पडले.

गोव्याचीही गोष्ट थोडक्यात सांगतो. पोर्तुगीज हिंदुस्थानची तिकिटे १८७१ साली निघाली. रैस, टांगा, रुपिया अशी नाणी त्यांवर येत गेली. ऑक्टोबर १९१० मध्ये लिस्बनला क्रांती होऊन राजा पळाला आणि प्रजासत्ताक आले. मग पणजीच्या पोस्टात काय बदलले? दोन वर्षांपूर्वी खून झालेल्या कार्लूश राजाची तिकिटे शिल्लक होती, त्यांवर ‘रिपब्लिका’ असा छाप मारला गेला. राजाच्या गालावर प्रजासत्ताक! तिकडे राजा गेला, पण इकडे गोवेकर प्रजेचा नागरिक झाला नाही. लगाम सालाझारच्या हाती गेला तसा तो अधिकच आवळला. १९५४ साली दादरा-नगरहवेली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगीज तिकिटांवर मुक्त प्रदेश अशा अर्थाचा इंग्रजी छाप मारून वापरण्यात आली. हा छाप मात्र लोकांनी मारलेला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. छाप कोणाच्या हातचा, हे पाहिल्याशिवाय वरछापाचा अर्थ लागत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता या विषयाचा गाभा. जगातली सर्वांत गाजलेली वसाहतीची तिकिटे मॉरिशसची आहेत. ते बेट हिंदी महासागरातले. आधी डच, मग फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रजांचे. २१ सप्टेंबर १८४७ रोजी तेथे एक पेनी आणि दोन पेन्सची तिकिटे निघाली. प्रत्येकी अवघी पाचशे. ब्रिटिश वसाहतींमधली ही पहिली. त्यांतली काही तिकिटे गव्हर्नरच्या पत्नीने, लेडी गोम हिने, ३० सप्टेंबरच्या नाचाच्या मेजवानीच्या आमंत्रणांवर लावली, म्हणून ती जगप्रसिद्ध झाली. आज त्यांतली पंचवीस-तीसच उरली आहेत आणि त्यांच्या किमती ऐकून आपल्याला घेरी येईल.

त्याच १८४७ साली त्याच बेटावर आणखी कोण होते? गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून हिंदी मजूर नेले जाऊ लागले होते. पुढे विसाव्या शतकापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे तेथे गेली. बहुसंख्य बिहार आणि पूर्वेकडची. पण मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा या भागांतली आपली माणसेही गेली. महिना पाच रुपये आणि शिधा, हा सुरुवातीचा ठराव. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. या मजुरांनाही तिकीट होते बरे! आपल्या भाषेत पोस्टाचे ते तिकीट आणि प्रवासाचे तेही तिकीट. पण यांचे तिकीट तिसरेच. करार संपलेल्या जुन्या मजुराने आपला फोटो लावलेले तिकीट सदैव जवळ बाळगावे, असा कायदा १८६७ साली झाला. ते जवळ नसले, आपला परगणा सोडून बाहेर सापडला, की पोलिसांनी भटक्या म्हणून धरावे. एका तिकिटावर राणीचा चेहरा, तो पत्राला पंख देतो. दुसऱ्या तिकिटावर मजुराचा चेहरा, तो माणसाच्या पायांत बेडी घालतो. याविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला. आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्या गोऱ्या गृहस्थाने त्यांना साहाय्य केले आणि त्यापायी स्वजातीयांचा मारही खाल्ला. त्या अर्जामुळे विलायतेहून चौकशी कमिशन आले. आम्हा युनियनवाल्यांना हा अर्ज लेडी गोमच्या आमंत्रणाहून अधिक मोलाचा वाटतो. पुढे १९०७ साली वकील मणिलाल डॉक्टर मॉरिशसला गेले, मजुरांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले, आणि १९१२ साली तेथून फिजीला गेले. एका महासागरातून दुसऱ्या महासागरात मजुराचे दु:ख गेले, तशी त्याची वकिलीही गेली.

मॉरिशसचेच एक पाकीट मुंबईशी निगडित आहे. १८५० साली मॉरिशसहून मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणीसाला आलेल्या या पाकिटावर एक पेनीची ती दुर्मिळ तिकिटे जोडीने लावलेली होती. १८९७ साली ते आपल्याच देशातल्या एका बाजारात सापडले. १९६८ साली अमेरिकेत लिलाव झाला तेव्हा त्याला ३,८०,००० डॉलर आले. एवढी किंमत का आली? तिकिटे दुर्मिळ म्हणून, हे खरे. पण ती अखंड पाकिटावर आहेत म्हणूनही. कोणी कोणाला, केव्हा, कोणत्या वाटेने लिहिले हे सारे त्यावर शाबूत आहे. ज्या अनाम माणसाने ती तिकिटे कापून काढली नाहीत, त्याने इतिहासावर उपकार केले.

आणि आपल्याकडे काय चालते? आमच्या कचेरीत एकदा एका दिवंगत गिरणी कामगाराच्या घरून पत्र्याची पेटी आली. तरुणपणी तो बुलढाण्याकडून मुंबईला गेला होता. तीस वर्षे त्याने लालबाग-परळमधून घरी पत्रे धाडली. पेटीत पाकिटे होती, पण प्रत्येकाचा उजवा कोपरा कातरलेला. घरातल्या पोरांनी तिकिटे पाण्यात भिजवून वहीत लावली होती. कोपऱ्याबरोबर शिक्का गेला, शिक्क्याबरोबर तारीख आणि गाव गेले. बरीचशी पत्रे आधीच बंबात गेली होती. पोरांचा दोष नाही. त्यांना तेच शिकवले गेले होते. राजाचे डोके ठेवायचे, बाकीचे टाकायचे. हीच तर सरकारी इतिहासाची रीत!

पेटीच्या तळाशी मात्र एक गठ्ठा शाबूत होता : मनीऑर्डरची कूपने. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मनीऑर्डरच्या फॉर्मचा एक लहान तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राही आणि त्यावर चार ओळी लिहायला जागा असे. त्यावर तिकीट नसे, म्हणून कोणी कातरला नाही. त्या चार-चार ओळींत एका घराचा तीस वर्षांचा जमाखर्च होता. बैलासाठी इतके, बहिणीच्या लग्नाला इतके, आईच्या औषधाला इतके, ओव्हरटाइम नाही म्हणून या महिन्यास कमी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या तारखेनंतरचे एकही कूपन गठ्ठ्यात नव्हते. संपावर ग्रंथ झाले आहेत, पुढेही होतील. पण एका वऱ्हाडी घराची चूल त्या संपाने कशी विझली, हे त्या न आलेल्या कूपनांइतके स्पष्ट आम्हाला कोठेच वाचायला मिळाले नाही.

हे कूपन ज्याने घरपोच केले त्याचेही नाव तिकिटावर नसते. घुंगूरकाठी घेऊन रानातून धावणारा हलकारा, पुढे सायकलवरचा पोस्टमन, थैल्या छाटणारा, शिक्के मारणारा. ११ जुलै १९४६ रोजी पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतल्या टपाल कामगारांनी देशभर संप पुकारला. २९ जुलैला कलकत्त्याने त्यांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक हरताळ पाळला. एक वर्षाने, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, याच हातांनी पत्रांवर ‘जयहिंद’चा शिक्का मारला. गंमत पाहा, त्या दिवशी खाली तिकीट सहाव्या जॉर्जचेच होते. तिरंग्याचे तिकीट निघाले २१ नोव्हेंबरला. म्हणजे स्वतंत्र भारताचा पहिला वरछाप कारखान्यात पडला नाही, तो टपाल कामगाराच्या मनगटाने राजाच्या डोक्यावर पडला. असा शिक्का असलेले पाकीट ज्याच्या घरी असेल त्याने ते देवघरात ठेवले तरी आम्ही हसणार नाही.

तिकिटे जमवू नका, असे आम्ही म्हणत नाही. अवश्य जमवा, पोरांना हा नाद लावा. एका वहीतून भूगोल, नाणी, लिप्या आणि राज्यांची उलथापालथ असे चार विषय मास्तरांशिवाय शिकता येतात, हे आम्ही स्वत:च्या अनुभवाने सांगतो. पण तिकीट कापू नका. पाकीट राखा, पाकिटातले पत्र राखा, शिक्का वाचून तारीख पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. मुंबईहून, सुरतेहून, ऊसतोडीच्या अड्ड्यावरून, सैन्यातून घरी आलेली पत्रे, मनीऑर्डरची कूपने, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, हजेरीची कार्डे, कामावरून काढल्याच्या नोटिसा, हे सारे रद्दीवाल्याच्या तराजूत किलोने जाण्यापूर्वी एकदा गावच्या वाचनालयात दाखवा. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाने एक लोखंडी कपाट या कामासाठी राखून ठेवावे, एवढे मागणे आम्ही या व्यासपीठावरून करतो. सरकारने ग्रँट दिली तर उत्तम. न दिली तर वर्गणी काढू. वर्गणी काढण्याचा सराव आम्हाला आहे.

राज्ये येतात, राज्ये जातात. सामोआत बोटीवर राजा बसला, फिजीत राजावर राणी बसली, गोव्यात राजावर प्रजासत्ताक बसले, आणि प्रत्येकाने आपली तिकिटे जगभरच्या वह्यांत ठेवून दिली. त्यांच्या चेहऱ्यांची काळजी करायला संग्राहक समर्थ आहेत. ज्याचा चेहरा कोणत्याच तिकिटावर छापला गेला नाही, त्याचे अक्षर पाकिटात आहे. ते राखण्याचे काम आपले.